ॲडमिरल नागुमो आणि १९४२ चं वर्धा

स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा, पण शाळेतल्या धड्यासारखं नको" अशी संपादक मंडळाची सूचना आली. सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास आपले संस्थापक सभासद माझ्यापेक्षा चांगला सांगतील. पहिली बोअर, पहिला रस्ता, पहिलं भांडण, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालेलं आहे. मी आपला बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, तेव्हा माझ्या पोतडीत जे आहे तेच काढतो. विषय ऐकून काही जण हसतील. दुसऱ्या महायुद्धातला जपानी नौदलाचा ॲडमिरल, चुइची नागुमो.

समुद्र कुठे आणि पिपरी मेघे कुठे! आपल्या पोरांनी जहाज पाहिलं ते गणपतीच्या देखाव्यात. पण १९४२ च्या एप्रिल महिन्यात या माणसाच्या हालचालींची झळ सेवाग्रामपर्यंत पोचली होती. 'भारत छोडो'चा ठराव पहिल्यांदा वर्ध्यात झाला हे आपण अभिमानाने सांगतो. तो त्याच वर्षी, त्याच उन्हाळ्यानंतर का झाला, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. त्या उत्तराचा एक तुकडा बंगालच्या उपसागरात आहे, म्हणून हा लेख.

नागुमोचा जन्म २५ मार्च १८८७ चा, उत्तर जपानमधल्या योनेझावा गावचा. १९०८ साली तो नौदलाच्या अकादमीतून बाहेर पडला तेव्हा १९१ जणांच्या तुकडीत त्याचा नंबर आठवा होता. जपानी नौदलात हा नंबर जन्मभर माणसाच्या पाठीशी असे. बढती, नेमणूक, मान, सगळं अकादमीतल्या क्रमांकावर आणि सेवाज्येष्ठतेवर. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या आपल्या सभासदांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सिनिऑरिटी लिस्ट ही काय चीज आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

त्याचं खास काम टॉर्पेडोचं. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून धावत जाऊन शत्रूच्या जहाजाच्या पोटात घुसणारं अस्त्र. छोट्या, वेगवान विनाशिका रात्रीच्या अंधारात शत्रूच्या जवळ न्यायच्या आणि टॉर्पेडो सोडून निसटायचं, ही जपानी नौदलाची आवडती विद्या. तीत नागुमो पारंगत होता. जहाज हाताळण्यात त्याचा हात धरणारे थोडेच होते. १९२५-२६ मध्ये तो युरोप-अमेरिका पाहून आला. पुढे क्रूझर आणि युद्धनौकांचा कप्तान झाला, १९३५ मध्ये रिअर ॲडमिरल, १९३९ मध्ये व्हाइस ॲडमिरल. राजकारणात तो कडव्या गटाचा. १९२२ च्या वॉशिंग्टन करारात अमेरिका आणि ब्रिटनला मोठ्या जहाजांचा वाटा पाच-पाच आणि जपानला तीन असं ठरलं होतं. हा अपमान आहे, करार मोडा, असं म्हणणाऱ्यांत नागुमो पुढे होता.

आणि मग एप्रिल १९४१ मध्ये त्याला नेमलं कुठे, तर 'पहिल्या हवाई ताफ्या'चा सेनापती म्हणून! विमानवाहू जहाजांचा जगातला सगळ्यात मोठा ताफा, आणि त्यावर माणूस टॉर्पेडोचा. विमानांच्या लढाईचा अनुभव नाही, अभ्यास नाही. पण यादीत नंबर त्याचा होता. मोठ्या संस्थांत असं होतं. त्यात एकट्या नागुमोचा दोष धरायला मी तयार नाही. नेमणारे नेमतात आणि निभवावं लागतं नेमलेल्याला.

त्याने निभावलंही, निदान सुरुवातीला. ७ डिसेंबर १९४१ च्या रविवारी सकाळी त्याच्या सहा विमानवाहू जहाजांवरून साडेतीनशेच्या वर विमानं उडाली आणि अमेरिकेच्या पर्ल हार्बर बंदरावर तुटून पडली. सुमारे २,४०० अमेरिकन ठार, आठही युद्धनौका बुडालेल्या किंवा मोडलेल्या. जपानची विमानं गेली अवघी २९. योजना वरिष्ठ ॲडमिरल यामामोतोची, आखणी गेंदा नावाच्या तरुण अधिकाऱ्याची, हवेतलं नेतृत्व फुचिदाचं. नागुमोला मुळात ही मोहीमच पसंत नव्हती, फार धोक्याची वाटत होती. दोन लाटा झाल्यावर तिसरा हल्ला न करता तो परत फिरला. बंदरातल्या तेलाच्या टाक्या आणि दुरुस्तीच्या गोद्या शाबूत राहिल्या, आणि त्यावरून आजतागायत त्याला बोल लावला जातो. हा बोल लावण्यात फुचिदाच्या युद्धानंतरच्या आठवणींचा मोठा हात आहे, आणि त्या आठवणी जपून वाचाव्या लागतात. (हा फुचिदा पुढे ख्रिस्ती धर्मप्रचारक झाला आणि अमेरिकेत प्रवचनं देत फिरला. इतिहासात काय काय पाहायला मिळतं!) अमेरिकेची विमानवाहू जहाजं त्या दिवशी बंदरात नव्हती. ती कुठे आहेत हे नागुमोला माहीत नव्हतं. अशा वेळी आपली सहा जहाजं सुखरूप घरी नेणारा सेनापती भित्रा म्हणायचा की शहाणा?

आता आपल्या बाजूला येऊ. १९४२ चे पहिले तीन महिने आठवा, म्हणजे आजी-आजोबांकडून ऐकलेलं आठवा. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. ८ मार्चला रंगून पडलं. २३ मार्चला जपानी सैन्य अंदमानात पोर्ट ब्लेअरला उतरलं. ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसं जंगलवाटांनी पायी येऊ लागली. त्या वाटांवरही गोऱ्यांची सोय वेगळी आणि काळ्यांची वेगळी, अशी तक्रार घेऊन ती इकडे पोचत होती. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. वर्ध्यात तर त्याआधीच, ११ फेब्रुवारीला, जमनालालजी बजाज अचानक गेले होते. ज्यांच्या भरवशावर गांधीजी इथे येऊन राहिले ते घरचं माणूसच गेलं. आमची आजी सांगायची की "जपान येते" असं म्हणून बायका त्या उन्हाळ्यात भांडीकुंडी पुरून ठेवायच्या गोष्टी करत. कोणी पुरली की नाही देव जाणे.

अशा वेळी, मार्चच्या अखेरीस, नागुमो पाच विमानवाहू जहाजं घेऊन हिंदी महासागरात शिरला. सहावं जहाज 'कागा' दुरुस्तीला गेलेलं. त्याचं लक्ष्य श्रीलंका, म्हणजे तेव्हाचं सिलोन, आणि तिथला ब्रिटिश आरमाराचा तळ. ब्रिटिश ॲडमिरल सॉमरव्हिल याला आधीच कुणकुण लागली होती. एप्रिलच्या पहिल्या तारखेच्या सुमारास हल्ला येईल म्हणून तो समुद्रात दबा धरून बसला, कोणी आलं नाही म्हणून मालदीवच्या दक्षिणेला पाणी-तेल भरायला गेला, आणि त्याच वेळी नागुमो आला. ४ एप्रिलला बर्चल नावाच्या कॅनडाच्या वैमानिकाला हा ताफा दिसला. त्याने बिनतारी संदेश पाठवला आणि लगेच त्याचं विमान पाडलं गेलं. पण बातमी पोचली.

५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर बॉम्ब पडले. त्याच दुपारी 'डॉर्सेटशायर' आणि 'कॉर्नवॉल' या दोन ब्रिटिश क्रूझर बुडाल्या, चारशेवर खलाशी गेले. ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ला झाला आणि 'हर्मीस' हे विमानवाहू जहाज बुडालं. त्याच दिवसांत ओझावा नावाच्या दुसऱ्या ॲडमिरलची वेगळी तुकडी बंगालच्या उपसागरात शिरली होती. तिने वीसहून जास्त व्यापारी जहाजं बुडवली आणि ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडावर बॉम्ब टाकले. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर बॉम्ब टाकले ते नागुमोच्या विमानांनी नव्हे, ओझावाच्या. पण बाजारात बसलेल्या माणसाला कुठलं विमान कुणाचं हे काय कळणार! त्याच्यासाठी 'जपान आला' एवढं पुरे होतं.

नुकसान म्हणाल तर विशाखापट्टणमला फार नव्हतं. धक्का मोठा होता. शहर ओस पडलं. मद्रासेत जपानी ताफा येतोय अशी खबर आली, सरकारने लोकांना शहर सोडायला सांगितलं, कचेऱ्या आतल्या गावांत हलवल्या. बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर काय, म्हणून प्राणिसंग्रहालयातले हिंस्र प्राणी गोळ्या घालून मारले. खबर खोटी निघाली. ताफा आलाच नाही. मद्रासहून बेझवाडा-बल्लारशामार्गे येणारी गाडी आपल्याच वर्ध्यातून जाते, तेव्हा या बातम्या, खऱ्या-खोट्या, इथे पोचायला वेळ लागला नसणार. दीडशे वर्षं ज्यांच्या आरमाराचा दरारा होता ते गोरे साहेब किनारा सोडून आत पळताहेत, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. सॉमरव्हिलने आपला ताफा पार आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेला, तो केनियातल्या मोंबासाजवळ.

याच दिवसांत दिल्लीत क्रिप्ससाहेब काँग्रेसशी वाटाघाटी करत होते. तारखा शेजारी शेजारी मांडून पाहा. ५ एप्रिल कोलंबो, ६ एप्रिल विशाखापट्टणम, ९ एप्रिल त्रिंकोमाली, १० एप्रिलला काँग्रेसचा नकार, १२ एप्रिलला क्रिप्स परत. वाटाघाटी फिसकटायला कारणं अनेक होती, संरक्षण खातं कुणाच्या हातात हे त्यातलं मोठं. पण ज्यांना स्वतःचं बंदर राखता येत नाही ते 'संरक्षण आमच्याकडेच राहू द्या' म्हणतात, हे ऐकणाऱ्याला कसं वाटलं असेल?

गांधीजी दिल्लीहून एप्रिलच्या सुरुवातीला सेवाग्रामला परतले होते. १२ एप्रिलच्या 'हरिजन'मध्ये त्यांचा एक लेख आला. जपानी आले तर अहिंसक माणसाने काय करायचं, असा तो विषय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आक्रमण करणाऱ्याला कसलीही मदत करायची नाही, पाणीसुद्धा द्यायचं नाही, कारण आपला देश चोरायला मदत करणं हे आपलं काम नव्हे. पण वाट चुकलेला, तहानेने मरायला टेकलेला एखादा जपानी माणूस म्हणून दारात आला, तर त्याला पाणी द्यायचं, कारण अहिंसक माणसाला कोणी शत्रू नसतो. हा लेख मी वर्गात अनेकदा वाचून दाखवला आहे. पोरं नेहमी विचारत, "सर, तो सैनिक वाट चुकला की मुद्दाम आला हे ओळखायचं कसं?" प्रश्न रास्त आहे.

त्यानंतर पंधरा दिवसांत, २६ एप्रिलच्या अंकात, इंग्रजांनी आता निघून जावं ही मागणी त्यांनी जाहीरपणे मांडली. त्यांचा मुद्दा साधा होता. इंग्रज इथे आहेत म्हणून जपान इथे येणार, म्हणजे मालक राखणही करत नाही आणि चोरालाही बोलावतो. अलाहाबादच्या महासमितीच्या बैठकीला ते स्वतः गेले नाहीत, मीराबेनच्या हाती मसुदा पाठवला. पुढे मीराबेन ओरिसाच्या किनाऱ्यावर गेल्या, जपानी उतरले तर गावकऱ्यांनी कसं वागायचं याची तयारी करायला. तिथून त्यांनी बारीकसारीक प्रश्न विचारत पत्र लिहिलं आणि सेवाग्रामहून मे महिन्याच्या अखेरीस गांधीजींनी एकेक करून उत्तरं दिली. वर्ध्याच्या मे महिन्याच्या उन्हात, झोपडीत बसून, ओरिसाच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या जपानी फौजेशी कसं वागायचं याच्या सूचना! हसू येईल, पण तो प्रश्न तेव्हा खरा होता.

खरा होता की नव्हता? इथेच सगळी गंमत आहे, आणि वाईट वाटायचं कारणही. जपानला १९४२ साली हिंदुस्थानात उतरायचंच नव्हतं. सिलोन घ्यावं असं नौदलातल्या काहींना वाटत होतं, पण जपानी लष्कराने त्यासाठी फौज द्यायला साफ नकार दिला. त्यांची सगळी माणसं चीनमध्ये अडकलेली. नागुमो आला तो फक्त फटका मारून परत जायला. ९ एप्रिलला त्रिंकोमालीचं काम झालं आणि तो वळला तो वळलाच, पुन्हा कधी या समुद्रात आला नाही. आपला सगळा पूर्व किनारा ज्याची वाट पाहत हादरला होता तो तेव्हा घराकडे निघाला होता.

पण त्या भीतीने जे करायचं ते करून ठेवलं. जपानी उतरले तर त्यांच्या हाती वाहनं लागू नयेत म्हणून सरकारने पूर्व बंगालच्या किनारपट्टीवर होड्या जप्त करायला सुरुवात केली. दहापेक्षा जास्त माणसं बसतील अशा हजारो होड्या ओढून नेल्या, मोडल्या, जाळल्या. तांदळाचे साठेही हलवले. ज्या मुलखात बाजाराला, शेताला, मासेमारीला होडीनेच जायचं, तिथे हे केलं. लोकांचे अवयव कापण्यासारखं हे आहे, असं गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिलं. पुढच्याच वर्षी बंगालचा दुष्काळ पडला. त्यात सुमारे तीस लाख माणसं गेली असा अंदाज आहे. दुष्काळाची कारणं अनेक, ब्रह्मी तांदूळ बंद झाला, भाव कडाडले, वादळ झालं, सरकारने वेळेत हालचाल केली नाही. होड्या काढून घेणं हेही त्यातलं एक. नागुमोच्या पाच जहाजांनी प्रत्यक्ष मारलेली माणसं मोजता येतात. त्याच्या भीतीने मेलेली कोण मोजणार?

नागुमोच्या कारकिर्दीकडे परत येताना एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण पुस्तकांत ती ओझरती येते. नागुमोचा सर्वनाश झाला तो जूनमध्ये, प्रशांत महासागरात मिडवे बेटापाशी. पण त्या सर्वनाशाची रंगीत तालीम आपल्या समुद्रात झाली होती.

५ एप्रिलची दुपार घ्या. कोलंबोवर एक हल्ला झाला होता. जहाजांवर दुसरी विमानं टॉर्पेडो लावून तयार होती, शत्रूची जहाजं दिसली तर असावीत म्हणून. कोलंबोवर पुन्हा हल्ला करायला हवा असं वाटून नागुमोने हुकूम दिला की टॉर्पेडो काढा, बॉम्ब लावा. काम सुरू झालं आणि टेहळणी विमानाने कळवलं, शत्रूच्या क्रूझर दिसताहेत. मग हुकूम उलटला: बॉम्ब काढा, टॉर्पेडो लावा. एकेक टॉर्पेडो म्हणजे मोटारीएवढ्या वजनाची वस्तू. ती काढायला-लावायला तासाचं काम. शेवटी टॉर्पेडोवाली विमानं निघालीच नाहीत, बॉम्बफेकी विमानांनी काम उरकलं. तेव्हा निभावून गेलं.

९ एप्रिलला आणखी एक. ब्रिटिशांची नऊ बॉम्बफेकी विमानं सिलोनहून उडून थेट नागुमोच्या 'अकागी' या मुख्य जहाजाच्या डोक्यावर आली, आणि जहाजावर कोणाला पत्ताच नाही. बॉम्ब बाजूला पाण्यात पडून फवारे उडाले तेव्हा कळलं की हल्ला झाला. एकही बॉम्ब लागला नाही. त्यातली बरीच विमानं जपान्यांनी नंतर पाडली. विजयाच्या धुंदीत ही गोष्ट कोणी मनावर घेतली नाही. आपल्या घराच्या छतावर चोर येऊन गेला आणि काही नेलं नाही म्हणून कुलूप न बदलण्यासारखंच ते.

आता ४ जून १९४२, मिडवे. या वेळी नागुमोकडे चार विमानवाहू जहाजं. पहाटे १०८ विमानं बेटावर पाठवली. उरलेली टॉर्पेडो लावून राखीव. बेटावरून त्याच्या अधिकाऱ्याने कळवलं, आणखी एक हल्ला हवा. सव्वासातच्या सुमारास नागुमोचा हुकूम: टॉर्पेडो काढा, बॉम्ब लावा. अर्ध्या तासाच्या आत बातमी, अमेरिकन जहाजं दिसली. हुकूम: थांबा. मग कळलं की त्यांच्यात विमानवाहू जहाज आहे. यामागुची नावाचा त्याच्या हाताखालचा ॲडमिरल म्हणाला, जी विमानं आहेत ती आत्ता उडवा, बॉम्ब काय अन् टॉर्पेडो काय. तेवढ्यात बेटावर गेलेली विमानं तेल संपत आलेल्या स्थितीत परत आली. ती आधी उतरवून घेऊ, मग नीट, सगळी एकत्र, टॉर्पेडो लावून पाठवू, असं नागुमोने ठरवलं. पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. साडेदहाच्या आत अमेरिकन विमानं वरून कोसळली आणि पाच-सहा मिनिटांत तीन जहाजं पेटली. काढलेले बॉम्ब कोठारात परत न्यायला वेळ मिळाला नव्हता, ते तिथेच विमानांजवळ पडून होते. चौथं जहाज दुपारी गेलं. तीन हजारांवर जपानी माणसं मेली.

जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर जपानी विमानं उडाली असती. हेही फुचिदाचंच. अलीकडच्या अभ्यासकांनी जपानी कागदपत्रं तपासून दाखवलं आहे की विमानं अजून खालच्या मजल्यावरच होती, पाच मिनिटांनी काही झालं नसतं. मला नागुमोचा निर्णय मूर्खपणाचा वाटत नाही. त्याला जे शिकवलं होतं त्यात तो बसत होता. ५ एप्रिलला कोलंबोसमोर तीच अदलाबदल केली होती आणि जिंकला होता. हरला असता तर कदाचित शिकला असता.

'अकागी' जळत असताना तो जहाज सोडायला तयार नव्हता. त्याच्या मुख्य सहायकाने, कुसाकाने, समजूत घालून त्याला दुसऱ्या जहाजावर नेलं.

आणि त्याच आठवड्यात, जूनच्या पहिल्या आठवड्यात, लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला गांधीजींकडे मुक्कामाला होते. वर्ध्याच्या जूनचा उकाडा त्यांनी कसा सोसला असेल ते आपण समजू शकतो. बोलणं चाललं होतं इंग्रजांनी का जावं आणि जपान आला तर काय, यावर. ज्या आरमाराच्या धास्तीने ही चर्चा चालली होती ते त्याच दिवसांत मिडवेच्या पाण्यात बुडत होतं. जपानने पराभव आपल्या लोकांपासूनही लपवला. मिडवेला काय झालं याची खरी मोजदाद पुष्कळ उशिरा बाहेर आली.

जुलैमध्ये काँग्रेसची कार्यसमिती वर्ध्यात भरली आणि १४ जुलैला ठराव झाला. मुंबईला ऑगस्टमध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपल्या जिल्ह्यात आष्टीला १६ ऑगस्टला काय घडलं ते मी सांगायला नको. आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही तर 'भारत छोडो'चं श्रेय जपानी ॲडमिरलला देऊन टाकलं! तसं नाही. ती मागणी कधीतरी येणारच होती. पण १९४२ चा एप्रिल नसता तर ती त्या घाईने, 'आत्ता, या क्षणी' अशी आली असती असं मला वाटत नाही.

मुंबईच्या बैठकीआधी गांधीजींनी आणखी एक पत्र लिहिलं, २६ जुलैच्या 'हरिजन'मध्ये छापलेलं, प्रत्येक जपानी माणसाला उद्देशून. तुम्ही चीनवर केलेला हल्ला मला आवडत नाही, आम्ही इंग्रजांना जायला सांगतो याचा अर्थ तुमचं स्वागत करू असा घेऊ नका, असं त्यात स्पष्ट बजावलेलं आहे. आणि त्यातच आश्रमातल्या एका जपानी बौद्ध भिक्षूची आठवण आहे. हे भिक्षू सेवाग्रामला राहत, सगळ्यांचे लाडके. जपानशी युद्ध सुरू होताच सरकारने त्यांना आश्रमातून नेलं. त्यांची प्रार्थना आणि त्यांचा छोटा ढोल मागे राहिला, आणि त्यानेच आमच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला सुरुवात होते, असं गांधीजींनी जपानी लोकांना कळवलं.

नागुमोचं पुढे फार लांबवत नाही. १९४२ च्या उत्तरार्धात सॉलोमन बेटांजवळ दोन लढाया, त्यातल्या एकीत अमेरिकेचं 'हॉर्नेट' बुडालं. पण त्याच्या अनुभवी वैमानिकांची वाताहत झाली. नोव्हेंबरमध्ये त्याला मागे बोलावलं, सासेबो, कुरे असे बंदरावरचे हुद्दे दिले. आपल्याकडे याला साइड पोस्टिंग म्हणतात. मार्च १९४४ मध्ये त्याला सायपान बेटावर पाठवलं. नाव मोठं, 'मध्य प्रशांत क्षेत्राचा ताफा', पण जहाजं जवळजवळ नव्हतीच. पर्ल हार्बरचा विजेता एका बेटावर, गुहेत, पायदळाबरोबर. १५ जूनला अमेरिकन उतरले. तीन आठवडे लढाई चालली, सुमारे तीस हजार जपानी सैनिकांतले बहुतेक सगळे मेले, आणि बेटावरच्या कितीतरी बायका-मुलांनी उत्तर टोकाच्या कड्यांवरून उड्या टाकल्या. ६ जुलै १९४४ ला नागुमोने पिस्तुलाने स्वतःला संपवलं. मरणोत्तर त्याला पूर्ण ॲडमिरल केलं. बारा दिवसांनी तोजोचं सरकार पडलं. सायपान आणि शेजारच्या तिनियन बेटावर अमेरिकेने विमानतळ बांधले, आणि ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर गेलेलं विमान तिनियनवरूनच उडालं.

त्या ६ ऑगस्टला निचिदात्सु फुजी गुरुजींना साठ वर्षं पूर्ण झाली. नागुमोपेक्षा ते दोन वर्षांनी मोठे, जन्म १८८५ चा. १९३१ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि १९३३ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींना भेटले. सेवाग्रामचा तो ढोल त्यांच्याच पंथाचा. युद्धानंतर त्यांनी शांतिस्तूप बांधायला घेतले. पहिला १९५४ मध्ये जपानमध्ये कुमामोतोला, राजगीरचा १९६९ मध्ये, आणि आपल्या गोपुरीला गीताई मंदिराशेजारी आहे तो पांढरा स्तूप त्याच मालिकेतला. आश्रमाच्या प्रार्थनेत ती जपानी ओळ आजही म्हटली जाते.